मृदंगामागचा माणूस

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची आणि संगीत भास्कर चंदावरकरांचे. कीर्तन, अभंग, लावणी एकमेकांत गुंतवून नटांच्या रांगेकडूनच गाऊन घेतलेले हे संगीत मराठी रंगभूमीवर नवे ठरले, आणि ते योग्यच होते. त्या हलत्या मानवी रांगेचे नाते समीक्षकांनी कोकणातील खेळ्यांशी जोडले आहे. रत्नागिरीत इतिहास शिकविणाऱ्याला मग एक प्रश्न टाळता येत नाही. त्या खेळ्यांचे संगीतकार कोण?

नमन-खेळ्यांत संगीतकार असा वेगळा कोणी नसतो. शिमग्यात रंगणाऱ्या या खेळाचा प्राण मृदंग आणि झांज. संवाद पुष्कळदा लिहिलेले नसतात. काळ्या पोशाखातला संकासूर आता काय करणार, हे मृदंगवाला त्याच्या पायांवरून ओळखतो आणि हात बदलतो. हात बदलला की रांगेची चाल बदलते, झांज मागोमाग येते, गाणारा पद लांबवतो किंवा तोडतो. एकमेकांकडे कान लावून, कागदावाचून बांधलेली ही रचना आहे. शहरात हेच तालमीच्या जागी घडले की त्याला ‘प्रायोगिक’ म्हणतात आणि जाहिरातीत एक नाव छापतात. दोष चंदावरकरांचा नव्हे. नावे मोजण्याची आपली रीतच तशी आहे.

परंतु या सामूहिकतेचे गोडवे गातानाही सावध असावे. गावगाड्यात वाजविणे ही महार-मांगांसाठी पुष्कळदा कला नव्हती, ते लादलेले काम होते. वाद्य पालखीपुढे चाले, वाजविणारा देवळाबाहेर राही. हातात उत्स्फूर्तता होती. नकाराचा अधिकार नव्हता. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या बौद्धांनी असे वाजविणे सोडले. त्यामुळे लोककला बुडाली, अशी हळहळ करणारे अभ्यासक भेटतात. ती हळहळ मला कळते, पटत नाही.

कारण तो हात थांबला नव्हता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकातच तमाशाचा सांगाडा ठेवून आतला मजकूर बदलला होता. आंबेडकरी जलशात सवालावर जबाब उभा राहतो तो ढोलकीच्या आधाराने. शाहिराला पुढची ओळ सुचेपर्यंत सुरते ‘जी जी’ धरून ठेवतात. त्या अवधीत गावातल्या पाणवठ्याची ताजी हकिकतसुद्धा गाण्यात शिरू शकते. येथे वाजविणारा स्वतःच्या इच्छेने वाजवीत होता, आणि कशासाठी वाजवतो हे त्याला ठाऊक होते.

कर्डकांनी या जलशांची हकिकत पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवली, म्हणून शाहिरांची नावे आपल्या हाती आली. ढोलकीवाल्याचे आणि सुरत्याचे नाव मात्र क्वचितच नोंदले जाते. मंडणगड, दापोली, चिपळूणच्या वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना गाण्याचे शब्द विचारण्याआधी हे विचारावे : ढोलकीवर कोण होते, आणि तो ठेका त्यांनी कोणाकडून उचलला?