चाकाखालचा दगड

गळीत हंगामात भवानीनगरला छत्रपती साखर कारखान्याच्या रस्त्यानं रात्रीची एक चक्कर मारा. काट्यावर नंबर लागायची वाट बघत ट्रक, ट्रॅक्टर आणि टायरगाड्या, म्हणजे रबरी टायरच्या बैलगाड्या, रांगेत असतात. ट्रॅक्टर थांबतो, इंजिन अजून धडधडत असतं, तेवढ्यात कुणीतरी खाली उडी मारून मागच्या ट्रॉलीच्या चाकाला दगड लावतं, वर टाचेनं दोन ठोके देतं. मगच ड्रायव्हर इंजिन बंद करतो. हा काही घाटातला मुलूख नाही, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं सपाट रान आहे. पण उसानं भरलेल्या ट्रॉलीला हातभर उतार पुरतो, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच.

या दगडाचं मोल मला उशिरा कळलं. कालव्याच्या पुलाच्या चढावर, रसवंतीपाशी मी गाडी लावली होती. हँडब्रेक ओढला होता, कर्रर्र असा आवाजही झाला होता. ग्लास हातात येतो न येतो तोच गाडी मागं सरकू लागली. अगदी सावकाश, कुणाला न विचारता. शेजारच्या टायरगाडीवाल्यानं पायाजवळचा दगड उचलून चाकामागं टाकला आणि म्हणाला, “पाव्हणं, गाडी तुमच्या आधी घरी निघाली की!” दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं लिव्हर वरखाली करून पाहिला. “ह्यो वर येतोय, पण मागं चाकापतूर काय पोचतच न्हाई.”

हँडब्रेकच्या बहुतेक दुखण्यांचं निदान त्या एका वाक्यात आहे. पण आधी त्याचं कूळ बघू.

बैलगाडीला हँडब्रेक नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. गाडी दोन चाकांची. बैल सोडले की जू भुईला टेकतं, नाहीतर पुढं शिपाई लावायचा, म्हणजे टेकू देणारा दांडा. दोन चाकं आणि हा तिसरा पाय, की गाडी जागची हलत नाही. उतारावर बैल हाच ब्रेक. मागून गाडी रेटू लागली की ते पाय रोवून तिला मानेवर पेलतात. शिवाय लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आसाला वंगण. अशी गाडी ओढायला जड, तशी आपण होऊन पळायलाही नाखूष. रबरी टायर आणि बेअरिंग आले तेव्हा बैलांचा भार हलका झाला आणि गाडी उतावळी झाली. चाक जितकं सहज फिरतं तितकं ते थांबवून ठेवणं अवघड. ब्रेकचा सगळा इतिहास खरं तर एवढाच आहे.

दगड मात्र बैलगाडीच्या काळातही होताच. चढावर बैल दम खायला थांबले की चाकामागं दगड सारायचा. तुकोबांची पालखी रोटी घाट चढून, बारामतीवरून पुढं इथल्याच सणसरला मुक्कामाला येते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. सणसरच्या ओल्या रानात दिंड्यांचे ट्रक लागले की त्यांच्या चाकाखालीही दगड दिसतात.

हँडब्रेकचा जन्म घोडागाडीच्या पोटी झाला. गाडीवानाच्या हाताशी एक लांब दांडा असे. तो ओढला की लाकडी ठोकळा चाकाच्या धावेवर घासून चाक आवळे. पहिल्या मोटारी या घोडागाड्यांच्याच लेकी, त्यामुळं हा दांडाही वारशानं आला. आज आपण हँडब्रेकला दुय्यम समजतो, पण त्या काळी तो घरचा थोरला होता. १९०१च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये मागच्या चाकांच्या ड्रमवरचा मुख्य ब्रेक हातानं ओढायचा होता. पायाचा ब्रेक यंत्राच्या मधल्या दांड्यावर चालायचा, तो जोडीला. फोर्डची १९०८ची मॉडेल टी पाहा. तिच्यात पायाचा ब्रेक गिअरच्या डब्यात आणि हाताचा दांडा थेट मागच्या चाकांवर. तोच दांडा मागं ओढला की गाडी न्यूट्रलला यायची. इंजिन पुढून हँडल मारून सुरू करायचं असल्यानं दांडा ओढायला विसरलेल्या मालकाच्या अंगावर त्याचीच गाडी चालून येई. हँडब्रेक विसरण्याचा रोग असा जुना आहे.

मग तेल आलं. १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीनं चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक दिले आणि पायाच्या हलक्या दाबानं जड गाडी थांबू लागली. कारभार धाकट्याच्या, म्हणजे पायाच्या हाती गेला. थोरल्याला घराबाहेर मात्र काढलं नाही. तेलाची नळी फुटली तर पायाखाली काहीच उरत नाही, म्हणून तेलावर अवलंबून नसलेला, तारेनं ओढायचा एक ब्रेक ठेवणं भाग होतं. ही तारही उसनी आहे. नळीतून सरकणाऱ्या अशा तारेचं पेटंट अर्नेस्ट बाउडननं १८९६ साली घेतलं होतं आणि सायकलच्या ब्रेकमध्ये ती आपण लहानपणापासून दाबत आलोय.

जाता जाता एक शेजारधर्म. इथून जवळच वालचंदनगर आहे. तिथं साखर कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. या पट्ट्यात ऊस आणि मोटार यांचं नातं नुसतं वाहतुकीचं नाही ते असं.

जुन्या जीपचा हँडब्रेक आणखी वेगळा. डॅशबोर्डखालून छत्रीच्या मुठीसारखी मूठ ओढायची. तो चाकं धरत नसे, मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट धरी. त्यामुळं पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळं ते उचललेलं चाक मोकळं फिरे, आणि जीप जॅकवरून निसटे. जुने मेकॅनिक जीपखाली शिरण्याआधी दगड का शोधायचे, ते यावरून कळेल.

ट्रकचं शास्त्र उलटं आहे आणि मला तेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्याचं मूळ रेल्वेत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ साली हवेचा ब्रेक काढला. त्यात हवा भरली की ब्रेक लागे, म्हणजे नळी तुटली की ब्रेकही गेला. १८७२ साली त्यानं गणित फिरवलं आणि हवा उतरली की ब्रेक लागेल अशी योजना केली. आजच्या एअर ब्रेकच्या ट्रकचा पार्किंग ब्रेक याच विचारानं चालतो. आत दणकट स्प्रिंग असते. ड्रायव्हर खटका फिरवतो, फुस्स करून हवा सुटते आणि स्प्रिंग चाक आवळते. पुरेशी हवा भरल्याशिवाय गाडी सुटतच नाही. बिघाड झालाच, तर तो गाडी थांबवण्याच्या बाजूनं होतो.

आपल्या छोट्या गाडीत ही सोय नाही. तिथं सगळी भिस्त एका तारेवर. लिव्हर ओढताना येणारा कर्रर्र आवाज दात्यांवरून सरकणाऱ्या खिट्टीचा. तो आवाज फक्त लिव्हर वर अडकला एवढंच सांगतो, चाक धरलं की नाही ते सांगत नाही. तार ताणून लांबते. पाण्याचिखलात नळीच्या आत गंजते. सिलिंडरमधून तेल पाझरून ब्रेक शू तेलकट होतात. शू झिजले की लिव्हरला जास्त दाते चढावे लागतात. लिव्हर पूर्वीपेक्षा बराच वर येऊ लागला, की ती गाडीची तक्रार समजावी. मागं डिस्क असलेल्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. घाट उतरून तापलेली डिस्क गार होताना किंचित आकसते आणि पकड सैल पडते. अशा गाडीचा ब्रेक थोड्या वेळानं पुन्हा ओढून बघावा. आता बटणाचे हँडब्रेक आलेत. बीएमडब्ल्यूनं २००१ साली आपल्या ७ सीरीजमध्ये तसला दिला. तिथं तार ओढायचं काम मोटर करते.

गाडी लावायची रीत मला त्या मेकॅनिकनंच शिकवली. पाय ब्रेकवर ठेवून गाडी न्यूट्रलला आणायची आणि हँडब्रेक ओढायचा. मग पाय हळूच उचलून गाडी ब्रेकवर बसते का ते बघायचं. सरकली तर तिथंच कळतं. बसली, की मग गिअर टाकायचा. तोंड चढाकडं असेल तर पहिला, उताराकडं असेल तर रिव्हर्स. बहुतेक जण थेट गिअरवर गाडी सोडतात, मग हँडब्रेक मेलेला असला तरी वर्षभर पत्ता लागत नाही. माझंही तेच झालं होतं.

कायद्यानंही हे सगळं धरलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९६ मोटारीला दोन स्वतंत्र ब्रेक मागतो, एक पायाचा आणि एक पार्किंगचा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १२६ सांगतं, की चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा काही उपाय केलेला हवा. त्या ‘दुसऱ्या उपायात’ मला सणसरच्या रानातला दगड स्पष्ट दिसतो.

फक्त एक करा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. रांग पुढं सरकते, दगड मात्र मधोमध राहतो, आणि पहाटेच्या अंधारात दुधाचे कॅन घेऊन निघालेला मोटरसायकलवाला त्यावर आदळतो.