हजेरीबुकातल्या विड्या

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तो चिंचवडला कारखान्यात असतो, वय एकोणचाळीस. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, सिगारेट सुटंना झालीय. समदं करून बघितलं. गोळ्या, च्युइंगम, शपथ... आता काय करू सांगा. तुमची कशी सुटली?"

"दोन दिवसांनी सांगतो," म्हणालो. मी इतिहासाचा मास्तर. कुठलाही प्रश्न आला की आधी त्याची वंशावळ काढल्याशिवाय मला उत्तर सुचत नाही. आमच्या हिला हा स्वभाव अजिबात पसंत नाही. पण आता या वयात काय बदलणार! तेव्हा भाच्याला जे फोनवर सांगायचं होतं, तेच इथं सविस्तर लिहितो. बाकीच्या पाहुण्या-रावळ्यांनाही उपयोगी पडेल. आपल्या गोतावळ्यात विडी-तंबाखू नसलेलं घर दिवा घेऊन शोधावं लागेल, हे आपल्याला ठाऊक आहेच.

सुरुवात विजापुरापासून करू. १६०४ च्या सुमाराला अकबर बादशहाचा असद बेग नावाचा अधिकारी आदिलशाही दरबारात आला होता. पोर्तुगीजांनी गोव्याकडून आणलेली तंबाखू विजापुरात तेव्हा पोचली होती. असद बेगला ती नवलाची वाटली. त्यानं ती आणि एक रत्नजडित नळी बादशहाला नजर केली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारचा हकीम म्हणाला, ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिची पारख झालेली नाही, तेव्हा घेऊ नये. असद बेगनं वाद घातला की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, ते घेतात म्हणजे त्यात काही तरी असणार. बादशहा त्या नादी लागला नाही. पण सरदार लागले, आणि पाठोपाठ व्यापाऱ्यांनी ती विकायला काढली. पुढं १६१७ मध्ये जहांगिरानं धूम्रपानाला बंदी केली. त्याआधी, १६०४ मध्येच, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तिच्यावर जबर कर बसवला.

परिणाम काय? शून्य. दोन-दोन राजांनी सांगूनही माणसांनी ऐकलं नाही. म्हणजे "सुटत नाही" हे दुखणं काही भाच्याचं एकट्याचं नाही, चारशे वर्षांचं आहे. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा पोरं हसायची. माझ्या खिशातला विडीचा कट्टा त्यांना दिसत असणार!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुरगूडहून निपाणी जेमतेम वीस किलोमीटर. ज्यांचं लहानपण या भागात गेलं त्यांना निपाणीचा वास सांगायला नको. एस.टी. गावात शिरायच्या आधीच वखारींतल्या जर्द्यानं नाक चुरचुरायचं आणि गाडीतली पोरं शिंकायला लागायची. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती, मग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पण आमचा व्यवहार काही हद्द बघून चालत नव्हता. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, दीड एकरात तंबाखू करायचे. माझी कॉलेजची फी त्या पैशातून गेली. थोरल्या बहिणीचं लग्नही त्यातूनच झालं. आबांना कुणी "विडी सोडा" म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आरं, जिच्यावर घर उभारलं तिला नावं कशी ठेवू?"

हे नुसतं निमित्त नव्हतं. तंबाखू हा शेतकऱ्याचा रोकडा पैसा होता, आणि तो पैसाही त्याला धड मिळत नव्हता. म्हणून तर १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्याच सुमारास वखारींतल्या बाया संघटना करून उभ्या राहिल्या. दिवसभर जर्द्याच्या धुरळ्यात बसून छातीचं खोकं झालेल्या या बायांवर 'युगांतर' या महिला गटानं १९८२ मध्ये चित्रपटही केला. त्या बायांनी विडी ओढली नव्हती, तरी खोकला त्यांच्या वाट्याला आला. हे मी तेव्हा वाचत होतो, वर्गात सांगत होतो, आणि मधल्या सुट्टीत शाळेमागच्या चिंचेखाली विडी ओढत होतो.

मग आमच्याकडे लोक विडी सोडायचे कसे?

एक रस्ता देवाचा. कुणी आदमापूरला बाळूमामांचा भंडारा उचलायचं, कुणी पंढरीला माळ घालायचं. यातल्या काहींची खरंच सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चारचौघांत आणि देवासमोर दिलेल्या शब्दाला वजन असतं. पण माळ घातल्यावर मांस-मद्य सुटलं तरी तंबाखूची चंची कमरेला तशीच, हेही पुष्कळदा पाहिलं. आणि शपथ मोडली की माणूस दुप्पट खचतो. देवाचाही अपराधी आणि स्वतःचाही.

दुसरा रस्ता बदलाबदलीचा. विडी सोडली आणि तंबाखू-चुना धरला. तंबाखू सोडली आणि मिसरी धरली. माझ्या आत्याची मिसरी दिवसातून चार वेळा व्हायची, आणि "मी काय विडी वढत्याली न्हवं" असं ती ठसक्यात सांगायची. घर बदललं, पण भाडेकरू तोच! सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते, पण तोंडातून तंबाखू घेणारे शंभरात चोवीस होते. आत्याची आठवण झाली.

तिसरा रस्ता भीतीचा. याबद्दल मला लिहिणं जड जातं, पण लिहितो.

माझे थोरले बंधू १९९३ साली घशाच्या कर्करोगानं गेले. शेवटचे तीन महिने त्यांना पाणी गिळता येत नव्हतं. मी उशाशी बसायचो. ते पाटीवर लिहून दाखवायचे. एकदा लिहिलं, "तू सोड." मी मान हलवली. त्यांना अग्नी देऊन वेदगंगेवर अंघोळ करून परत येताना मी वाटेत थांबलो आणि विडी पेटवली. बरोबरच्या माणसांनी काही म्हटलं नाही, त्यांनीही पेटवल्या होत्या. भीतीनं माणूस सुधारतो असं जे म्हणतात त्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला. भीती वाटली की मला विडीच लागायची, हे कुणाला सांगणार?

त्याआधी आणि त्यानंतर मी किती वेळा सोडली? १९७८ ला लग्नानंतर, बडीशेप खाऊन, अकरा दिवस. १९८५ ला मुलगा झाला तेव्हा दीड महिना. १९९४ ला भावाच्या वर्षश्राद्धाला शपथ घेऊन, चार दिवस. मध्ये किरकोळ कितीतरी.

आता जरा शास्त्राकडे वळू, कारण मला जे कळायला वीस वर्षं लागली ते बाहेर लोकांनी आधीच शोधून ठेवलं होतं. १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफोर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखवला. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे. हाती आलेले आकडे बघून त्यांनी ती सोडली. पण कारण कळलं म्हणून सगळ्यांची सुटली असं झालं नाही. १९६७ च्या सुमाराला स्वीडनमधले ओव्ह फर्नो नावाचे रसायनशास्त्रज्ञ, तेही सिगारेटचे व्यसनी, यांना पाणबुडीवरच्या खलाशांची गोष्ट कळली. पाणबुडीत धूर करता येत नाही, म्हणून ते तोंडात तंबाखू ठेवायचे आणि त्यांचं भागायचं. म्हणजे ओढ धुराची नाही, निकोटिनची! (आमच्या आत्याला हे आधीच माहीत होतं.) त्यातून निकोटिनचं च्युइंगम निघालं आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याला मान्यता मिळाली. निकोटिन द्यायचं, पण धूर आणि कर्करोगाची राख वगळायची, आणि मग हळूहळू तेही कमी करायचं.

बल्गेरियानं १९६४ पासून लॅबर्नम झाडातल्या सायटिसीन या द्रव्याच्या गोळ्या वापरल्या. (लॅबर्नम म्हणजे आपला बहावा नव्हे बरं का! बहाव्याला इंग्रजीत तसं म्हणतात एवढंच. उगाच कुणी शेंगा खाऊ नका.) २००६ मध्ये व्हरेनिक्लीन आलं. ही औषधं डॉक्टरांना विचारून घ्यायची.

पण निकोटिन हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा पुण्यात कळला. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या पाठबळावर, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढलं. ते मुख्यतः गर्द आणि दारूसाठी होतं, पण त्याबद्दल वाचताना मला एक गोष्ट लागली. तिथं परत घसरलेल्या माणसाला दारातून हाकलत नाहीत. घसरणं हा आजाराचाच भाग धरतात, आणि कशामुळे घसरलास ते त्याच्याबरोबर बसून शोधतात. मी तर प्रत्येक वेळी घसरलो की स्वतःला शिव्या घालून दुसरा कट्टा आणायचो. कशामुळे घसरलो हे एकदाही विचारलं नव्हतं. परीक्षेत नापास झालेल्या पोराचा पेपर न तपासताच त्याला घरी पाठवण्यातला हा प्रकार!

म्हणून जून १९९६ मध्ये, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, मी एक काम केलं. विडी सोडली नाही. एक कोरं हजेरीबुक घेतलं आणि विड्यांची हजेरी मांडायला लागलो. वेळ, जागा, सोबत कोण, आणि कारण. प्रत्येक विडीची नोंद. ओढायला मनाई नाही, पण नोंद केल्याशिवाय पेटवायची नाही.

पंधरा दिवसांनी बेरीज केली. रोजच्या सरासरी बावीस विड्या. त्यातल्या नऊ नुसत्या चहाबरोबरच्या. पाच एस.टी. किंवा कुणाची तरी वाट बघतानाच्या. तीन कुणीतरी पुढं केली म्हणून. 'कारण' या रकान्यात खरी तलफ म्हणावी अशा चार-पाचच होत्या, त्यातली सगळ्यात खोडील म्हणजे पहाटे उठल्याबरोबरची. पुढं वाचलं की फागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये व्यसनाची खोली मोजायला प्रश्नावली केली, आणि त्यात उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता याला फार महत्त्व आहे. माझं हजेरीबुक तेच सांगत होतं.

मग एकेक रकाना बंद करत गेलो. चहा सोडला आणि दोन महिने ताक प्यायलो. स्टँडवर पानपट्टीच्या बाजूला उभं राहायचं बंद केलं. स्टाफरूममधल्या मित्रांना सांगितलं, पुढं करू नका. एकानं तरीही केली, त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. पहाटेची मात्र हटेना. तेव्हा उठल्या उठल्या चप्पल घालून सर पिराजीराव तलावाच्या बाजूला चालायला लागलो, विडी घरात ठेवून. तलफ आली की घड्याळ बघायचो. चार-पाच मिनिटांत ती ओसरते, हे घड्याळानंच शिकवलं. दिवाळीच्या आधी दोनदा घसरलो. त्या दोन्ही विड्यांची नोंद आहे, एक भाऊबीजेच्या तयारीत बंधूंची आठवण झाली तेव्हाची. पान फाडलं नाही, पुढं लिहीत राहिलो. शेवटची नोंद २ डिसेंबर १९९६ ची आहे. पुढची पानं कोरी. हजेरीबुक अजून कपाटात आहे.

तर भाचेबुवा, हे तुझ्यासाठी.

सगळं करून झालं असं तू म्हणतोस, पण प्रत्येक उपाय तू एकेकटा आणि अर्धा केलास. च्युइंगम आठ दिवसांत सोडलंस, ते काही आठवडे घ्यायचं असतं. औषध आणि बोलणं, दोन्ही एकत्र लागतात. डॉक्टरांकडे जा. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट मदतवाहिनी आहे, तुझ्या सिगारेटच्या पाकिटावरच छापलेली असते, तू रोज हातात घेतोस! आणि वही कर. कॅनडातल्या २०१६ च्या एका अभ्यासात कायमचं सुटायला तीस-तीस प्रयत्न लागतात असा अंदाज निघाला. तुझे किती झाले? मोज.

डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये हिशेब दिला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला तीन वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. मी सेहेचाळीसचा होतो. तू पुढच्या महिन्यात चाळीस होतोस.

असो. रविवारी गावाकडे ये. मी तुला काही उपदेश करणार नाही, ते काम शाळेत पुरेसं झालं. पहाटे तलावाकडे जाऊ. येताना पाकीट आणलंस तरी चालेल, फक्त वही विसरू नकोस.