अंगणातली शाळा

कामगार चळवळीतल्या माणसाने मुलांच्या शिक्षणावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही शिक्षणशास्त्री नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढले वाचन युनियनच्या कचेरीत रात्री झाले. परंतु तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सभा संपली की बोनसनंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, पोराचा अभ्यास घरी कसा घ्यावा? आम्हांला तर काही येत नाही."

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर, सातपाटीच्या उत्तरेस डहाणू तालुक्यात, फार पूर्वी सापडलेले आहे.

1907 साली मारिया मॉन्टेसरी या विदुषीने रोम शहरातल्या एका कामगार वस्तीत, चाळवजा इमारतीत, पहिले बालगृह उघडले. म्हणजे या विद्येचा जन्म गरिबांच्याच घरी झाला. पुढे तिची बेतीव साधने महाग होत गेली आणि ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. तिला पुन्हा गरिबाच्या दारी आणण्याची खटपट भावनगरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली ताराबाई बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत शाळा निघाली, पण गरिबांची मुले येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कोणी आईबरोबर कामावर. दुसऱ्या कोणी पालकांना दोष दिला असता. या बायांनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, मोजणी. विकतच्या मण्यांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलुखात गेले. तेथे पोरे गुरांमागे रानात. म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

यातले मर्म एवढेच की, मुलाच्या भोवती जे आहे तेथून आरंभ करावा. शाळकरी मुलालाही हेच लागू. सातपाटीचे उदाहरण घ्या. भरतीची वेळ काढण्याचा कोकणचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. थोडेफार मागेपुढे. पोराने हिशेब करावा आणि बंदरावर जाऊन पडताळून पाहावा. पाऊणकी पाठ होते, चंद्र कळतो, उधाण-भांग कळते. खर्च शून्य. आणि न शिकलेला बाप येथे गुरुजी ठरतो, हा लाभ वेगळाच.

आमची चूकही सांगितली पाहिजे. आमच्या मुलासाठी आम्ही पगाराला कात्री लावून जाड जाड सरावपुस्तके आणली, रात्री दहापर्यंत त्याला बसवले. एके दिवशी आमच्या चपलांचा आवाज ऐकताच तो झोपेचे सोंग घेऊन पडला. त्या दिवशी आम्हांला कळले की घरात आम्हीच मुकादम झालो आहोत. 1948 च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा 48 तासांचा ठरवला. शाळा, शिकवणी आणि घरचा अभ्यास यांची बेरीज करून पाहा. आपले पोर कदाचित ओव्हरटाइम करीत असेल, तोही बिनपगारी.

आता कोणी म्हणेल, एवढे साधे असेल तर शाळा हवी कशाला? तसे मुळीच नाही. ताराबाई-अनुताईंनी शिक्षिका तयार करण्यावर आयुष्य वेचले. घरचा साधेपणा म्हणजे सरकारला दिलेली सूट नव्हे. चांगली शाळा मागू, त्यासाठी लढूही. पण घरी अर्धा तास पुरे : एक गोष्ट, एक हिशेब, आणि पोराने विचारलेला एक प्रश्न. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि दोघांनी मिळून शोधावे. आम्ही स्वतः याच रीतीने शिकलो.