जोंगाचा ओला नट

मागच्या भागात आपण जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीबद्दल बोललो. आज तिथूनच पुढे जायचं आहे, पण सुरुवात माझ्या घरच्या गाडीपासून करतो.

निवृत्तीनंतर मी जबलपुरातच राहिलो आणि लिलावातली एक जुनी जोंगा घेतली. एका सकाळी नातीला घेऊन नर्मदेवर निघालो होतो. ग्वारीघाटाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पेडल थेट खाली जाऊन टेकलं. पुन्हा दाबलं, तरी तेच. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि कडेच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. कुणाला खरचटलंही नाही. पण पुढे फुलं-दिवे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. ते दृश्य आजही डोळ्यांपुढून जात नाही.

चाकाच्या आतून ओघळ आला होता. ब्रेक ऑइल, आणि तेही एका लहानशा नटापाशी.

आता ही गाडी कुठली, ते सांगतो. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं आपलं लष्कर दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या गाड्यांवर चालत होतं. मेक अनेक, सुटे भाग परदेशी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात, १९५९ साली, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपुरात शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. १९६२च्या युद्धाने डोंगरात माणसं आणि दारूगोळा पोचवण्यातली आपली अडचण उघडी पाडली. जपानच्या निसानशीही करार झाला. त्यातून एक टनी ट्रक आला आणि निसान पेट्रोलवरून बेतलेली जोंगा आली. १९६९मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि हे काम तिच्याकडे गेलं. जोंगा हे नाव जपानी वाटतं, पण ते आपलंच आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, यातली इंग्रजी आद्याक्षरं जोडा. १९९९पर्यंत ही गाडी बनत होती. माझ्या तरुणपणी युनिटमध्ये जोंगा आली की सगळे शर्टाची बटणं तपासायचे, कारण आत बहुतेक वेळा सीओसाहेब असायचे.

आणि जबलपूरच का? ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन रेल्वेमार्ग इथेच जोडले गेले. किनाऱ्यापासून दूर, सीमेपासून दूर, पण देशाच्या चारी दिशांना माल पाठवता येईल अशी ही जागा. म्हणून १९०४मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं.

आता पुन्हा नटाकडे येऊ.

हायड्रॉलिक ब्रेकचं तत्त्व पास्कलचं आहे : बंद द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीडने त्यावरून ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१च्या डुसेनबर्ग मोटारीत असे ब्रेक चारही चाकांना आले. एक साधा हिशेब करा. पायाने वीस किलो जोर दिला, पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे शंभर किलो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर धरलं, तर पाइपात दर चौरस सेंटिमीटरला वीस किलो दाब झाला. टायरमधल्या हवेच्या साधारण दहापट! आणि हा नुसता हलका ब्रेक. माझ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला कप्पा एकच आहे, म्हणजे एका नटापाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८पासून नव्या मोटारींना दोन वेगळे मार्ग सक्तीचे झाले, ते याचसाठी.

मी तो नट घट्ट केला. गळती थांबली नाही. अजून घट्ट केला. वाढली. तेव्हा व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका फिटरना बोलावलं. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “साब, और मत कसिए. चूड़ी तेल नहीं रोकती.”

चूड़ी म्हणजे आटा. गोम इथेच आहे. आटा फक्त आवळून धरतो. तेल अडतं ते पाइपाच्या फुलवलेल्या तोंडापाशी, म्हणजे फ्लेअरपाशी. ते तोंड आतल्या शंकूच्या आकाराच्या बैठकीवर सगळीकडून सारखं टेकायला हवं. म्हणूनच इथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा काही उपयोग नाही.

त्यांनी जागा धुऊन कोरडी केली, वर खडूची पूड भुरभुरली आणि मला पेडल दाबून धरायला सांगितलं. पूड कुठे प्रथम ओली होते, ते पाहिलं. नटाच्या मागून, पाइपाच्या कडेने ओली झाली, तर दोष फ्लेअरचा किंवा बैठकीचा. रबरी होजच्या बोल्टपाशी झाली, तर तांब्याच्या वॉशरचा. पाइपाच्या मधोमध झाली, तर पाइप गंजला आहे. तो बदलायचा, डाग द्यायचा नाही.

मग नट सोडला. फ्लेअर एका बाजूला चेपलेला. कारण नटाने सांगितलं. आधी एका गॅरेजवाल्याने तिथे तीन अष्टमांश इंची नट बसवला होता आणि भोक होतं दहा मिलिमीटरचं. दोघांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, आटेही जवळजवळ सारखे. त्यामुळे नट आत जातो, बसल्यासारखा वाटतो, पण तिरका राहतो. जीपची इंची मापं आणि निसानची मिलिमीटरची मापं एकाच डब्यात पडली की असं होतं. लष्कराने गाड्यांचे मेक कमी करण्याची धडपड का केली, ते मला त्या दिवशी हातात कळलं.

नवा पाइप कापला, आधी योग्य नट ओवला (हे विसरलात तर फ्लेअर पुन्हा करावा लागतो), मग दुहेरी फ्लेअर केला. नट आधी बोटांनी फिरवला, शेवटचा पिळ पान्याने दिला. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. नवं ब्रेक ऑइल भरलं, कारण हे तेल हवेतली ओल शोषतं आणि पाइप आतून गंजवतं. शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरलं. ते खाली गेलं नाही. मोकळ्या मैदानात सावकाश तपासल्यावरच गाडी रस्त्यावर काढली.

काम झाल्यावर मी त्यांना विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ते हसले. नकाशे जपानहून आले होते, म्हणाले, पण नट किती आवळायचा ते शेजारच्या बाकावरच्या उस्तादाने शिकवलं.

परवान्याबरोबर कागद येतो आणि यंत्रं येतात. हाताचं ज्ञान मात्र इथेच, वर्षानुवर्षं चुका करत तयार होतं. १ ऑक्टोबर २०२१पासून ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीत गेली आहे. पाट्या बदलतात, गाड्या बदलतात, त्याला इलाज नाही. पण जोंगा संग्रहालयात ठेवता येईल, तो उस्ताद ठेवता येणार नाही. तुमच्या ओळखीत अंबरनाथ, खडकी, भुसावळ किंवा जबलपूरच्या कारखान्यातले कुणी निवृत्त कारागीर असतील, तर त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून ठेवा. मी सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर एकच वाक्य आहे : ओला नट दिसला की आधी आवळू नका, आधी सोडून बघा.