शारीरिक आजारातील नैराश्य

शारीरिक आजारातील नैराश्य : मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार अशा आजारांच्या जोडीने उद्भवणारा मनोविकार. दीर्घकालीन आजार असलेल्यांत नैराश्य इतरांच्या दोन ते तीन पट आढळते. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ते गाठते. तरीही पुष्कळदा त्याचे निदान होत नाही, आणि याचे मोठे कारण ‘होणारच’ या शब्दात आहे. एवढा मोठा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच, असे नातलग म्हणतात, डॉक्टर म्हणतात, रुग्णही म्हणतो. हाड मोडल्यावर दुखणारच. म्हणून कोणी वेदनाशामक द्यायचे थांबत नाही.

ओळख : भूक मंदावणे, झोप उडणे, थकवा, वजन घटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच ती आजाराचीही आहेत. किमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असलेल्या रुग्णात केवळ त्यांवरून काही ठरत नाही. गोडी उरली आहे की गेली आहे, हे पाहावे लागते. हृदय क्षीण झालेले दोन वृद्ध घ्या. जिना दोघांनाही चढवत नाही. पहिला खाटेवरूनच सामन्याचा स्कोअर विचारतो, नातू जवळ आला की त्याचा हात धरतो. दुसऱ्यासमोर टीव्ही चालू असतो, पण नजर तिकडे नसते. नातू येऊन उभा राहिला तरी तोंड भिंतीकडेच. पहिला थकला आहे. दुसऱ्याला मनाचाही उपचार लागणार आहे.

‘मी उदास आहे’ असे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. ‘अंगात त्राण नाही’, ‘कशात मन लागत नाही’, ‘टेन्शन आलंय’ असे म्हटले जाते. ‘माझ्यापायी घर धुऊन निघालं’ हे वाक्य तर कानाआड करूच नये. आपण ओझे झालो ही भावना आजाराच्या थकव्यातून येत नाही.

तपासणीची सुरुवात दोन प्रश्नांनी करता येते : गेल्या महिन्याभरात मन सतत उदास, निराश राहिले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढे सविस्तर विचारावे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, 27 गुणांची प्रश्नावली सर्वत्र वापरतात. 10 वा अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरतात. मात्र तिच्यातले निदान चार प्रश्न झोप, भूक, थकवा, मंदावलेपण यांचे आहेत, त्यामुळे आजारी माणसाचे गुण फुगू शकतात. 1983 मध्ये झिग्मंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयांसाठी तयार केलेल्या 14 प्रश्नांच्या मापनीत म्हणूनच शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळली आहेत. जीव नकोसा झाला आहे का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारल्याने हायसे वाटते.

निदानापूर्वी थायरॉइडची कमतरता, बी-१२ ची कमतरता व रक्तक्षय तपासावेत. स्टेरॉइड आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरीन यांनीही मन खालावू शकते. वॉर्डात निपचित पडलेल्या वृद्धाला आज वार कोणता हे सांगता येत नसेल आणि त्याची शुद्ध दिवसभरात कमीजास्त होत असेल, तर ते बहुधा नैराश्य नसून तीव्र मतिभ्रम असतो. त्याचे मूळ तातडीने शोधावे लागते.

नैराश्यावरच्या औषधांचा एक उगमही क्षयरोगाच्या वॉर्डातच आहे. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरुग्णांना इप्रोनियाझिड दिले गेले, तेव्हा त्यांची मनःस्थिती लक्षणीय उंचावलेली दिसली. पुढे त्यातूनच नैराश्यरोधकांचा एक गट पुढे आला.

उपचार : आधी वेदना, धाप, निद्रानाश आटोक्यात आणावेत, रात्रभर दुखत असताना समुपदेशन कामाचे नाही. सौम्य नैराश्यात बोलणे, झेपेल तेवढा व्यायाम आणि सोडून दिलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे यांनी फरक पडतो. या शेवटच्या पद्धतीचा मोठा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगाथ’ संस्थेने विक्रम पटेल यांच्यासह केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी 6 ते 8 भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही बरे वाटायला मदत केली.

औषध निवडताना मूळ आजाराचा कागद समोर हवा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सर्ट्रालीन सुरक्षित असल्याचे 2002 च्या चाचणीत दिसले. जुनी ट्रायसायक्लिक औषधे अशा रुग्णांत टाळतात. ॲस्पिरिनसोबत सर्ट्रालीनच्या गटातली औषधे घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटीन व फ्लुओक्सेटीन देऊ नये, कारण ती टॅमॉक्सिफेनचे शरीरात होणारे सक्रिय रूपांतर रोखतात. वृद्धांत रक्तातील सोडियमवर लक्ष ठेवावे. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते. रुग्ण नेमका इथेच चुकतो : आधीच गोळ्यांचा डबा भरलेला, त्यात ही ‘मनाची गोळी’ पहिली गळते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे माँट्रियलच्या 1993 च्या अभ्यासाने दाखवले. नैराश्यावर उपचार केल्याने हे मृत्यू कमी होतात, असे मात्र 2003 च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत सिद्ध झाले नाही. मन सुधारले, आयुर्मान नाही. मन सुधारणे हेच उपचाराला पुरेसे कारण आहे.

दोन्ही आजार एकाच ठिकाणी पाहिले तर लाभ अधिक. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह केंद्रांत 404 रुग्णांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक समन्वयक साखर, रक्तदाब आणि मन या तिन्हींचा पाठपुरावा करत असे. दोन वर्षांनी या गटात नैराश्य आणि शरीर दोन्ही सुधारलेल्यांचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला सोबत येऊन बाहेरच्या बाकावर चार तास बसणाऱ्या पत्नीलाही हा क्रमांक द्यावा, आणि वरचे दोन प्रश्न तिलाही विचारावेत.