सरस आणि वर्ण : जहाजांच्या प्रतिकृतींतील एक दुर्लक्षित पुरावा

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, नाणी व शिलालेख यांची गणना सहज होते. लाकडी प्रतिकृतींची क्वचितच होते. तथापि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडात घडविल्या गेलेल्या व ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती हे नौकाबांधणीच्या इतिहासाचे अव्वल साधन होय. त्यांचे सांधे कशाने जोडले आणि लाकडाला वर्ण कसा आला, हा प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. परंतु या साधनाची विश्वसनीयता पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

या प्रतिकृती बहुधा एका फुटास पाव इंच, म्हणजे १:४८, या प्रमाणात आहेत. त्यांच्या तळभागावर फळ्या न जडविता आतील बरगड्या उघड्या ठेवण्याची प्रथा होती. सॅम्युअल पीप्स (१६३३-१७०३) या नौदल-प्रशासकाने अशा प्रतिकृतींचा संग्रह केला होता. त्याच्या पदावर पुढे आलेल्या चार्ल्स सार्जिसनचा संग्रह विसाव्या शतकात हेन्री हडलस्टन रॉजर्स या अमेरिकन संग्राहकाकडे गेला, आणि १९३५ साली त्याच्या मृत्युपत्रान्वये अ‍ॅनापोलिस येथील नाविक विद्यालयास मिळाला.

मूळ जहाजे ओकच्या लाकडाची. प्रतिकृती मात्र सहसा बॉक्सवुड किंवा नासपतीच्या लाकडाच्या. कारण उघड आहे. जहाज अठ्ठेचाळीस पटींनी लहान करता येते, पण लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. म्हणून बारीक व घट्ट पोताचे लाकूड निवडणे भाग होते. या प्रतिकृतींचा पिवळसर वा तांबूस वर्ण मुख्यतः लाकडाचा स्वतःचाच आहे. कुशीवरून जाणारे जाड फळ्यांचे काळे पट्टे तेवढे आबनुसाचे किंवा काळ्या केलेल्या लाकडाचे असत. नासपतीचे लाकूड काळे करून आबनुसाऐवजी वापरण्याची रीत युरोपीय सुतारकामात रूढ होती. लाकूड काळे करण्याच्या एका जुन्या कृतीत तुरट द्रव्य व लोहाचा क्षार यांचा संयोग घडवून आणीत. हिरडा व हिराकस यांपासून शाई करण्याच्या आपल्याकडील कृतीमागील तत्त्वही तेच.

जोडणीसाठी प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस वापरीत. तो थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर पातळ करावयाचा. उकळू दिल्यास त्याची पकड कमी होते. निवताच तो गोठतो आणि पाणी उडून गेल्यावर कठीण होतो. सांध्यांना लाकडी खुंट्यांचेही बळ देत. सरसाचा महत्त्वाचा गुण असा की, ऊब व ओल मिळताच तो पुन्हा मऊ होतो. त्यामुळे शतकांनंतरही सांधा लाकडास इजा न करता उकलता येतो. हाच त्याचा दोषही होय. दमट हवेत सांधे सुटतात.

सरस व रंग यांचा परस्परसंबंध येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. सरस मुरलेल्या जागी रंग शिरत नाही व फिकट डाग राहतो. म्हणून कुशल कारागीर लाकूड आधी रंगवून मग चिकटवितो. साहजिकच सांध्याभोवतीचा फिकट डाग हा कामाच्या क्रमाचा साक्षीदार ठरतो : मूळ काम कोणते व नंतरची दुरुस्ती कोणती, याचा माग त्यावरून काढता येतो.

विसाव्या शतकात पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटचा पांढरा गोंद प्रचारात आला; १९५८ साली सायनोअ‍ॅक्रिलेट बाजारात आले. काम जलद झाले, परंतु हे पदार्थ रेष्यांत शिरल्यावर निघणे दुष्कर. शिवाय पांढऱ्या गोंदातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटू शकते. ओकच्या लाकडातूनही ती सुटते. बंद काचपेटीत ही वाफ साचून शिशाच्या ओतीव तोफा, नांगर इत्यादी भागांवर परिणाम करते व त्यांची पांढरी पूड होऊ लागते. प्रतिकृतीच्या रक्षणासाठी केलेली पेटीच अशा रीतीने तिच्या नाशास कारण होते.

यावरून असे दिसते की, सुटलेला सांधा पक्का करणे व पुरावा राखणे या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. सरसाने केलेली दुरुस्ती पुढील अभ्यासकास उकलता येते; न सुटणाऱ्या गोंदाने व वरून फासलेल्या रंगाने केलेली दुरुस्ती मूळ कारागिराचा हातच झाकून टाकते. कागदावरील खाडाखोड जशी नोंदवावी लागते, तशीच प्रतिकृतीवरील प्रत्येक दुरुस्तीची नोंद होणे अवश्य आहे.