पाषाणघट आणि श्रावकधर्म

जैन परंपरेत कलश हे मांगल्याचे प्रतीक आहे. अष्टमंगलांत त्याची गणना होते, त्रिशलामातेच्या स्वप्नमालिकेत पूर्णकलशाचे दर्शन घडते आणि एकोणिसावे तीर्थंकर श्री मल्लिनाथ यांचे लांछनही कलशच आहे. वेरूळच्या जैन लेण्यांतील स्तंभांवरही पर्णपल्लवांनी भरलेले घट कोरलेले आढळतात. मात्र घडीव, चकचकीत पाषाणपात्रांचा इतिहास केवळ मंदिरांचा नाही. तो व्यापाराचाही इतिहास आहे.

बिबवेवाडीच्या टेकडीवर पायाखाली लागतो तो काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. त्यातील पोकळ्यांत कालांतराने गारगोटी, अकीक यांसारखे रंगीत, थरांचे दगड तयार झाले. घासून, झिलई देऊन त्यांना काचेसारखी चमक येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात दख्खनच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून थरांचे मौल्यवान दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांमधून, बिकट वाटांनी भडोच बंदरात जात असे. दगड आणि कापड ही त्या काळी एकाच वाटेवरची सोबती होती.

उज्जैनहून भडोचला येणाऱ्या मालात याच ग्रंथाने 'मुर्रिन' नावाचा दगडही नोंदविला आहे. तो अकीक की फ्लोराइट, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु मुर्रिन पात्रांचे रोमला लागलेले वेड प्लिनीने वर्णिले आहे. सम्राट नीरोने अशा एका पात्रासाठी १० लाख सेस्टर्स मोजले. पेट्रोनियस या सरदाराने तर मृत्यूपूर्वी आपले ३ लाखांचे पात्र नीरोच्या हाती पडू नये म्हणून फोडून टाकले. परिग्रहाचा शेवट याहून बोलका कोणता असणार?

ज्या पैठणच्या बाजारातून हे दगड निघत, तेच पैठण जैनांनाही पूज्य आहे. श्वेतांबर परंपरेनुसार सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी तेथेच संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीस केली. दिगंबर समाजाचे श्री मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्रही तेथेच आहे. एका बाजूस अमर्याद संग्रहाची हाव आणि दुसऱ्या बाजूस क्षमापनेचे पर्व, असे दोन प्रवाह या एकाच नगरीशी जोडले गेले आहेत.

श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांतील स्फोटक कर्मात भूमी खोदणे, पाषाण फोडणे यांचा समावेश होतो. खाण ही असंख्य जीवांच्या विराधनेची जागा, हे आचार्यांनी जाणले होते. त्यातील मानवी पीडाही लहान नाही. रतनपूरच्या खाणींतील अकीक खंभातच्या कारागिरांकडे येतो. दगड भट्टीत तापवून लाल केला जातो, छाटला जातो आणि सहाणेच्या चाकावर घासला जातो. या घासण्यातून उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. खंभातच्या अनेक कुटुंबांनी त्याची झळ सोसली आहे.

आज आपल्या दिवाणखान्यांत झिलईदार फुलदाण्या शोभून दिसतात. मंदिरांत संगमरवर अर्पण होतो. त्या सौंदर्याचा त्याग करावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु घेताना यतना असावी: गरजेपुरते घ्यावे, ज्याने घडविले त्याच्या श्वासाचा विचार करावा, पाण्याचा फवारा वापरून धूळ रोखणाऱ्या कारखान्याचा माल पसंत करावा आणि जुने पाषाणपात्र टाकून न देता जपावे.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी स्थापन होणारा कलश जलाने भरलेला असतो, तसाच तो करुणेनेही भरलेला असावा, हीच जिनचरणी प्रार्थना.